निळी पूड, पारा आणि गंधक: मर्क्युरी-कोबाल्ट थायोसायनेटच्या स्फटिकरचनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीपर्यंत मराठी, पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी, आणि एम.एस्सी.ला धारवाड, कोल्हापूर किंवा भूतरामनहट्टीचं राणी चन्नम्मा विद्यापीठ. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बहुतेक मुलांचा रसायनशास्त्राचा रस्ता असाच जातो. इनऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला गॉय बॅलन्स (चुंबकामुळे पदार्थाच्या वजनात पडणारा फरक मोजणारा तराजू) आला की दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. लॅबमध्ये जे शब्द वापरतो तेच ठेवले आहेत. रासायनिक चिन्हांऐवजी मूलद्रव्यांची नावं लिहिली आहेत.

१. सर, गॉय बॅलन्सच्या नळीत भरतो ती निळी पूड नेमकी कसली असते?

मर्क्युरी-कोबाल्ट थायोसायनेटची. एक पारा, एक कोबाल्ट आणि चार थायोसायनेट असं तिचं सूत्र आहे. पारा आणि कोबाल्ट दोघेही अधिक दोन अवस्थेत असतात. कोबाल्ट सल्फेट आणि अमोनियम थायोसायनेटच्या उकळत्या द्रावणात मर्क्युरिक क्लोराइडचं गरम द्रावण ओतून ढवळत राहिलं की गडद निळे बारीक स्फटिक खाली बसतात. १९५८ साली फिगिस आणि नायहोम यांनी गॉय बॅलन्सच्या कॅलिब्रेशनसाठी हे संयुग सुचवलं आणि ते तिथेच टिकलं. ते शुद्ध मिळतं, हवेतलं पाणी ओढत नाही, त्यात स्फटिकजल नसतं आणि नळीत एकसारखं दाबून भरता येतं. २० अंश सेल्सिअसला त्याची ग्रॅम ससेप्टिबिलिटी (एका ग्रॅममागची चुंबकग्राह्यता) १६.४४ × १०⁻⁶ सीजीएस (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत) धरतात. या गुणांपैकी बरेचसे त्याच्या स्फटिकरचनेतून येतात, ते प्रश्न २ मध्ये.

२. स्फटिकात कोण कुणाला जोडलेलं असतं?

पाऱ्याभोवती चार गंधक, चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या) चार कोपऱ्यांवर. कोबाल्टभोवती चार नायट्रोजन, तेही चतुष्फलकात. प्रत्येक थायोसायनेट म्हणजे गंधक, कार्बन, नायट्रोजन अशी सरळ तीन अणूंची काठी. तिचं गंधकाचं टोक पाऱ्याला आणि नायट्रोजनचं टोक शेजारच्या कोबाल्टला धरून असतं. एका पाऱ्यापासून चार कोबाल्टकडे पूल जातात आणि प्रत्येक कोबाल्टपासून चार पाऱ्यांकडे. ही जोडणी तिन्ही दिशांना कुठेच थांबत नाही, म्हणजे सुटा रेणू असा यात नाहीच. पाण्यात विरघळवायचं तर ही सगळी चौकट मोडावी लागेल, म्हणून पूड पाण्यात जवळपास विरघळत नाही.

पारा-गंधक अंतर साधारण २.५५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे १०⁻¹⁰ मीटर) आहे आणि कोबाल्ट-नायट्रोजन त्याहून बरंच कमी, १.९ च्या आसपास. एक तपशील पुस्तकातल्या चित्रात हटकून चुकीचा काढलेला दिसतो: ही काठी दोन्ही टोकांना सारखी बसत नाही. कोबाल्टच्या बाजूला नायट्रोजनपाशी ती जवळजवळ सरळ असते. पाऱ्याच्या बाजूला गंधकापाशी मात्र काटकोनाहून थोडा मोठा वाक असतो, कारण गंधकावरच्या एकाकी इलेक्ट्रॉनजोड्या बाजूला असतात आणि पारा त्यांच्याशी जुळतो. चौकट सी अक्षाच्या (स्फटिकाच्या ए, बी, सी या तीन अक्षांपैकी एकाच्या) दिशेने इतकी चेपलेली दिसते ती या वाकामुळे. जोडणीचा आराखडा हिऱ्यासारखा आहे, पण कोणी दाबून बसवलेल्या हिऱ्यासारखा.

३. पारा गंधकच का धरतो? नायट्रोजन का नाही?

पिअर्सनने १९६३ साली मांडलेल्या मऊ-कठीण आम्ल-अल्कली तत्त्वाचं हे ठरलेलं उदाहरण. पारा अधिक दोन हा मोठा आणि सहज ध्रुवीकरण होणारा आयन, म्हणून मऊ. गंधकही मऊ. मऊ मऊला धरतो. व्हायवाला एवढं पुरतं.

पण थोडं थांबून कोबाल्टकडेही बघा. कोबाल्ट अधिक दोन ना पुरता मऊ ना पुरता कठीण, मधल्या वर्गातला. त्याला गंधकही चालला असता. पण गंधकावरचा पाऱ्याचा हक्क इतका पक्का असतो की कोबाल्टच्या वाट्याला नायट्रोजनच उरतो. पारा आणि गंधक यांच्यातला बंध बराचसा सहसंयुज आहे. ८० प्रोटॉनच्या केंद्रकाभोवती आतले इलेक्ट्रॉन इतके वेगात असतात की सापेक्षतेच्या परिणामाने पाऱ्याचं ६एस कक्षक (बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची जागा) आकुंचन पावतं, आणि पाऱ्याच्या रसायनाला त्याचं वेगळेपण बऱ्याच अंशी त्यामुळे येतं. केवळ 'मऊ' म्हणून सोडून दिलं तर ही गोष्ट हातातून निसटते.

४. चौकोनी कंस कोबाल्टभोवती घालायचा की पाऱ्याभोवती? परीक्षेत मार्क कापतात.

जर्नलमध्ये आणि परीक्षेत कंस कोबाल्टभोवती घाला, थायोसायनेट नायट्रोजनकडून जोडलेलं दाखवा आणि नाव मर्क्युरी टेट्राथायोसायनेटोकोबाल्टेट लिहा. प्रघात तसा आहे. कंस पाऱ्याभोवती घालून गंधकाकडून जोडणी दाखवलेले लेखही भरपूर सापडतील, आणि तेही चूक नाहीत. प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे स्फटिकात ना सुटा कोबाल्टेट आयन आहे ना सुटा मर्क्युरेट आयन, त्यामुळे कंस ही लिहिण्याची सोय झाली. चूक कधी होते? कंस कोबाल्टभोवती घालून आत गंधक आधी लिहिला तर. त्याचा अर्थ कोबाल्ट गंधकाला जोडला आहे असा होतो, आणि त्याचे मार्क कापलेच पाहिजेत.

५. एवढा गडद निळा रंग पाऱ्यामुळे येतो का?

नाही. पाऱ्याचं ५डी कवच दहा इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेलं असतं, तिथे डी-डी संक्रमणाला (प्रकाश शोषून इलेक्ट्रॉनाने एका डी कक्षकातून दुसऱ्यात जाण्याला) जागा नाही. रंग चतुष्फलकी कोबाल्टचा. अष्टफलकी (सहा शेजाऱ्यांचं) कोबाल्ट, म्हणजे ज्या कोबाल्ट सल्फेटपासून तुम्ही सुरुवात केली ते, फिकट गुलाबी दिसतं. चतुष्फलकात सममितीकेंद्र नसल्याने डी-डी संक्रमणावरचा निर्बंध सैल होतो आणि तांबड्या-नारिंगी भागातलं शोषण कितीतरी पट वाढतं. पूड निळी आली म्हणजे कोबाल्टभोवतीची भूमिती बरोबर आली, इतकं तुम्ही एक्स-रेशिवायही म्हणू शकता. पाऱ्याच्या बाजूबद्दल मात्र रंग काही सांगत नाही.

६. युनिट सेल केवढा आहे, आणि झेड बरोबर २ हे कसं काढायचं?

युनिट सेल म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा, आणि झेड म्हणजे त्यात बसणाऱ्या सूत्रांची संख्या. रचना पहिल्यांदा १९४७ साली जेफरी यांनी नेचर या नियतकालिकात दिली. पुढे १९६८ मध्ये ती अधिक बारकाईने पुन्हा प्रसिद्ध झाली. सेल टेट्रागोनल आहे, म्हणजे तिन्ही कोन काटकोन आणि दोन बाजू सारख्या. ए आणि बी ११.१०९ अँगस्ट्रॉम, सी फक्त ४.३७९ अँगस्ट्रॉम. स्पेस ग्रुप (स्फटिकातल्या सगळ्या सममितींचा संच) आय-४-बार. ४-बार म्हणजे ९० अंशांनी फिरवून मग केंद्रातून उलटवणं.

आता हिशेब स्वतः करा. आकारमान = ११.१०९ × ११.१०९ × ४.३७९, म्हणजे सुमारे ५४०.४ घन अँगस्ट्रॉम. सूत्रभार ४९१.९. खालचा ०.६०२२ हा आकडा अॅव्होगॅड्रो संख्येतून येतो. झेड २ धरलं तर घनता = (२ × ४९१.९) ÷ (०.६०२२ × ५४०.४), म्हणजे जवळपास ३.०२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. झेड १ धरलं तर १.५ येते, आणि इतका पारा असलेल्या पदार्थाला ती शोभत नाही. ४ धरलं तर ६ च्या वर जाते, तेही पटण्यासारखं नाही. जड द्रवात स्फटिक तरंगवून घनता मोजायची जुनी पद्धत याचसाठी होती.

७. मॅडमनी सांगितलं की असममित एककात पाऱ्याचा फक्त पाव अणू येतो. पाव अणू कसा असेल?

असममित एकक म्हणजे सेलचा तो भाग ज्याच्या प्रती सममितीने काढल्या की सगळा सेल भरतो. अणू अख्खाच असतो, पाव भाग फक्त हिशेबाचा. आय-४-बार मध्ये सर्वसाधारण जागेवर ठेवलेल्या एका अणूच्या सेलभर आठ प्रती होतात. सेलमध्ये पारे मात्र दोनच आहेत (प्रश्न ६). म्हणजे पारा अशा खास जागेवर बसला पाहिजे जिथे सममितीची क्रिया त्याला परत त्याच्याच जागी आणते. ती जागा ४-बार अक्षावरचा बिंदू. कोबाल्टचंही तसंच.

थायोसायनेट बघा: सेलमध्ये दोन सूत्रं, प्रत्येकी चार, एकूण आठ. म्हणजे एकच थायोसायनेट सर्वसाधारण जागेवर आणि बाकी सात त्याच्या प्रती. थोडक्यात संपूर्ण रचना ठरवायला एक गंधक, एक कार्बन आणि एक नायट्रोजन यांचे निर्देशांक पुरतात. दोन्ही धातूंच्या जागा सममितीनेच बांधलेल्या आहेत. १९४७ मध्ये, संगणकाशिवाय, ही रचना हाताशी आली त्याचं एक कारण मला तरी यातच दिसतं.

याचा आणखी एक परिणाम होतो. चारही पारा-गंधक अंतरं सममितीने तंतोतंत सारखी असतात. कोन मात्र सगळेच १०९.५ अंश असायची सक्ती नाही, त्यांचे दोन गट पडू शकतात.

८. एक्स-रेला थायोसायनेटचं कुठलं टोक गंधक आणि कुठलं नायट्रोजन ते कसं कळतं?

एक्स-रे इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. गंधकाकडे १६ आणि नायट्रोजनकडे ७, त्यामुळे टोकं ओळखण्यात अडचण येत नाही. खरी पंचाईत कार्बन (६) आणि नायट्रोजन (७) यांच्यात, आणि तीही ८० इलेक्ट्रॉनांच्या पाऱ्याच्या शेजारी. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत हॅलोजनखाली दोन पणत्यांतली मोठी कुठली ते ओळखण्यासारखं हे काम. इथे जोडणीचं तर्कशास्त्र मदतीला येतं: मधला अणू कार्बनच असणार. अंतरांवरूनही खात्री होते, कारण गंधक-कार्बन सुमारे १.६५ आणि कार्बन-नायट्रोजन सुमारे १.१५ अँगस्ट्रॉम. पण या हलक्या अणूंची अनिश्चितता पाऱ्याहून कितीतरी जास्त असते. जर्नलमध्ये दशांशानंतर तीन-चार आकडे लिहिण्यापूर्वी कंसातली अनिश्चितता बघत जा.

९. आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) काढलं तर एक्स-रेची गरज नाही ना?

थोडी आहे. कार्बन-नायट्रोजनचं शिखर २१०० प्रति सेंटिमीटरच्या बऱ्यापैकी वर दिसलं तर थायोसायनेट दोन्ही टोकांनी बांधलेलं असावं असं म्हणता येतं. नुसत्या नायट्रोजनकडून बांधलेलं असेल तर ते साधारण २१०० च्या खाली राहतं. कार्बन-गंधकाचं शिखर नायट्रोजनकडच्या बंधात ७८० ते ८६० मध्ये आणि गंधकाकडच्या बंधात ७०० च्या आसपास येतं. या पट्ट्या एकमेकींवर चढतात, म्हणून एकट्या आयआरवर निकाल देऊ नका. कुणाचं कोण शेजारी आणि किती अंतरावर, हे आयआर सांगत नाही.

१०. आमच्याकडे फक्त पावडर एक्सआरडी (पुडीवर एक्स-रे टाकून परावर्तनं मोजणं) आहे. त्यावरून बनवलेला माल बरोबर आहे का कळेल?

कळेल. सेल माहीत आहे, मग तांब्याच्या के-अल्फा किरणांसाठी शिखरं कुठे पडायला हवीत ते ब्रॅगच्या नियमाने (तरंगलांबी, प्रतलांतलं अंतर आणि कोन यांच्या नात्याने) काढा. ११० (एच, के, एल हे परावर्तन करणाऱ्या प्रतलांचे आकडे) साठी टू-थीटा (किरण वळण्याचा कोन) सुमारे ११.३ अंश, २०० साठी १५.९, १०१ साठी २१.८ आणि २२० साठी २२.६. या फक्त जागा झाल्या. कुठलं शिखर किती उंच येईल ते रचनेतल्या अणूंवर ठरतं.

शिखर कुठे नसावं तेही तपासा. आय प्रकारच्या जाळीत (सेलच्या मध्यबिंदूशीही तीच मांडणी असते) एच, के, एल यांची बेरीज विषम असलेली परावर्तनं दिसत नाहीत. १०० चं शिखर ८ अंशांपाशी आलं असतं, तिथे काहीही दिसता कामा नये. दिसलं तर अशुद्धी शोधा.

११. द्रावणं मिसळली की लगेच पूड खाली बसते. मग सिंगल क्रिस्टल कसे मिळवायचे?

दोन्ही द्रावणं एकमेकांत ओतली की लाखो केंद्रकं एकदम तयार होतात आणि कुणालाच वाढायला वाव मिळत नाही. द्रावणं अगदी पातळ घ्या आणि ती एकमेकांपर्यंत सावकाश पोचतील असं करा. यू-आकाराची नळी आणि मध्ये सिलिका जेल हा साधा मार्ग. नळी हलवायची नाही, उन्हात ठेवायची नाही, रोज उचलून बघायची नाही. शेवटची अट मुलांकडून पाळली जात नाही, हा अनुभव आहे.

स्फटिक मिळाला तरी मोठा घेऊ नका. पारा एक्स-रे भयंकर शोषतो, मॉलिब्डेनमचे किरण वापरले तरी. शक्यतो ०.१ मिलिमीटर किंवा त्याहून लहान, आणि सगळ्या बाजूंनी सारखा असलेला निवडा.

१२. रिफाइनमेंट (रचना मोजमापाशी जुळवत नेणं) संपलं, पण पाऱ्याला चिकटून इलेक्ट्रॉन घनतेचं मोठं शिखर उरलंय. तिथे आणखी एक अणू आहे का?

बहुतेक वेळा नाही. आधी अंतर बघा. पाऱ्यापासून एक अँगस्ट्रॉमच्या आत कुठलाही खरा अणू बसू शकत नाही. अशी शिखरं येतात ती शोषणाची दुरुस्ती नीट न झाल्याने, आणि मोजमाप ठरावीक कोनापर्यंतच केल्याने जड अणूभोवती उठणाऱ्या लहरींमुळे. दुरुस्ती पुन्हा करा, शक्य असेल तर स्फटिकाचे पैलू मोजून. तरीही शिखर उरलं तर अहवालात त्याची उंची आणि अंतर लिहून मोकळे व्हा. तिथे पाण्याचा ऑक्सिजन बसवून आर-फॅक्टर (रचना आणि मोजमाप यांतल्या तफावतीचा आकडा) खाली आणायचा मोह होतो. तो आवरा.

शिखर दोन-अडीच अँगस्ट्रॉमवर असेल तर प्रकरण वेगळं. तेव्हा ट्विनिंग (वेगवेगळ्या दिशांचे भाग एकाच स्फटिकात जोडलेले असणं) किंवा चुकीचा स्पेस ग्रुप तपासा.

१३. या स्पेस ग्रुपमध्ये सममितीकेंद्र नाही. म्हणजे स्फटिक कायरल (डावा-उजवा भेद असलेला) झाला का?

ही गल्लत चांगल्या चांगल्यांची होते. सममितीकेंद्र नसणं आणि कायरल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायरल स्फटिकात आरसा, व्युत्क्रम किंवा ४-बार यांपैकी एकही क्रिया चालत नाही. इथे ४-बार आहे, म्हणजे रचना आणि तिचं आरशातलं प्रतिबिंब एकच. डावा-उजवा असा भेद नाही.

मग फ्लॅक पॅरामीटर कशाला बघायचा? १९८३ पासून वापरात असलेला हा आकडा इथे स्फटिक कुठल्या दिशेने मांडला आहे ते सांगतो. उलटवलेली रचना म्हणजे मूळ रचनाच, सी अक्षाभोवती ९० अंशांनी फिरवलेली. आकडा शून्याजवळ आला तर मांडणी बरोबर. १ जवळ आला तर रचना उलटवा. अर्ध्याच्या आसपास अडकला तर स्फटिकात दोन्ही मांडण्यांचे भाग मिसळलेले आहेत, म्हणजे इन्व्हर्शन ट्विन.

१४. आमच्या लॅबमध्ये २० अंश कधीच नसतं. १६.४४ च धरायचं का?

नाही, आणि चुकलेल्या रीडिंगांचं हे नेहमीचं कारण आहे. सूत्र सोपं आहे: ४९८१ ला (२८३ + सेल्सिअसमधलं तापमान) ने भागा, उत्तर १०⁻⁶ सीजीएसमध्ये. डिसेंबरच्या सकाळी १८ अंशांना १६.५५ येतं, एप्रिलच्या दुपारी ३४ अंशांना १५.७१. फरक पाच टक्क्यांचा, जो पुढच्या प्रत्येक मोजमापात शिरतो.

पावसाळ्यातही हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो, विशेषतः खानापूर-जांबोटीकडून. संयुग पाणी ओढत नाही हे खरं (प्रश्न १), पण दमट हवेत उघड्या बाटलीतल्या पुडीवर आणि काचेच्या नळीवर ओल धरतेच. पूड आधी वाळवा, डेसिकेटरमध्ये थंड होऊ द्या आणि मग नळी भरा. भरतानाही दर वेळी सारखीच ठोका. माझ्या मते तापमानापेक्षा जास्त चूक इथे होते.

१५. तीन सुटे इलेक्ट्रॉन म्हणजे ३.८७ बोर मॅग्नेटॉन (चुंबकीय आघूर्णाचं एकक). मग उत्तर ४.४ का येतं?

तुमचं उत्तर बरोबर आहे. ३.८७ ही फक्त स्पिनची किंमत. चतुष्फलकी कोबाल्टमध्ये स्पिन-ऑर्बिट युग्मनामुळे वरच्या पातळीचा थोडा भाग तळपातळीत मिसळतो आणि किंमत वाढते. ४.३ ते ४.७ ही अशा कोबाल्टची नेहमीची पट्टी आहे. पाऱ्याचा यात वाटा नाही, तो प्रतिचुंबकीयच (चुंबकापासून किंचित दूर ढकलला जाणारा). गणितात प्रतिचुंबकीय दुरुस्ती मात्र विसरू नका.

१६. गंधकाबरोबर पारा नेहमी चतुष्फलकातच असतो का?

अजिबात नाही. डी-कवच भरलेलं असल्याने भूमितीबद्दल पाऱ्याला स्वतःची आवड नाही. शेजारी किती आणि केवढे, त्यावर सगळं ठरतं. दोन गंधक असतील तर जवळपास सरळ रेषा आणि अंतर २.३५ च्या आसपास. तीन असतील तर त्रिकोण, सुमारे २.४४. चार असतील तर चतुष्फलक, २.५२ ते २.५६. शेजारी वाढले की प्रत्येक बंध लांबतो.

फसवं उदाहरण मर्क्युरिक थायोसायनेटचं. तेच थायोसायनेट, तोच पारा, पण तिथे दोनच गंधक सरळ रेषेत, सुमारे २.३८ अँगस्ट्रॉमवर. शेजारच्या रेणूंचे नायट्रोजन बरेच लांबून टेकतात. त्यांना मोजायचं की नाही यावर समन्वय संख्या (पाऱ्याला जोडलेल्या शेजाऱ्यांची संख्या) २ की ६ ते ठरतं. प्रश्नपत्रिकेत विचारलं तर दोन्ही लिहा आणि अंतरं द्या.

१७. मी बीएएमएसला आहे. कज्जली आणि रससिंदूर यांचा या सगळ्याशी संबंध आहे का?

दोन्हीत पारा-गंधक बंध आहे, इतपत. खलात घोटून झालेली काळी कज्जली मुख्यतः मेटासिनाबार: जस्त सल्फाइडसारखी घनाकृती रचना, पाऱ्याभोवती चार गंधक, अंतर २.५३. रससिंदूर म्हणजे हिंगुळाचीच रचना. तिथे पारा आणि गंधक आळीपाळीने येऊन मळसूत्रासारख्या साखळ्या होतात, जवळचे गंधक दोनच, २.३७ वर, कोन सुमारे १७२ अंश. सूत्र एकच, शेजारी वेगळे, म्हणून एक काळं आणि एक तांबडं. तापवल्यावर ३४४ अंशांच्या आसपास तांबडं रूप काळ्यात बदलतं. तरीही कूपीतून (ज्या काचेच्या बाटलीत तापवतात तिच्यातून) तांबडं निघतं, कारण वाफ गळ्याशी, कमी तापमानाला जमते. औषध म्हणून सुरक्षित की नाही, हा प्रश्न रचनेवरून सुटत नाही. तो इथे विचारू नका.

१८. उरलेली पूड आणि गाळलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं तर चालेल? पूड तर विरघळत नाही.

चालणार नाही. पूड विरघळत नसली तरी गाळलेल्या पाण्यात न वापरलेलं मर्क्युरिक क्लोराइड असू शकतं, आणि ते जहाल विष आहे. दोन्ही वेगळ्या बाटल्यांत, 'पारा' अशी चिठ्ठी लावून साठवा आणि घातक कचरा उचलणाऱ्या परवानाधारकाकडेच द्या. पाऱ्याबद्दलच्या मिनामाटा करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. पूड गरम करून 'काय होतं बघू' हेही नको. थायोसायनेट जळताना विषारी वायू निघतात आणि पाऱ्याची वाफही. कॅलिब्रेशनची पूड टाकायची नसतेच, नळीतून काढून परत बाटलीत भरा. वर्षानुवर्षं चालते.

१९. कोबाल्टऐवजी जस्त घातलं तर?

रचना तीच राहते, रंग जातो. जस्त, कॅडमियम आणि मँगनीज यांची अशीच संयुगं आय-४-बार मध्येच स्फटिक होतात. सममितीकेंद्र नसल्याने (प्रश्न १३) लेसरचा प्रकाश दुप्पट वारंवारतेचा करण्यासाठी त्यांचा अभ्यास झाला आहे. गुणात्मक विश्लेषणात जस्त ओळखायची परीक्षा आठवा: अमोनियम मर्क्युरी थायोसायनेटने पांढरा साका येतो, तांब्याचा अंश असेल तर जांभळट आणि कोबाल्टचा असेल तर निळा. जस्ताच्या जागी तांबं किंवा कोबाल्ट शिरून बसतो आणि पाऱ्याची चार गंधकं आहेत तिथेच राहतात. पण ही पूड गॉय बॅलन्सला घेऊ नका. जस्ताकडे सुटे इलेक्ट्रॉन नाहीत, काटा भलतीकडेच हलेल.